दोरीवरची शेवटची चकती

"हे माझं नाही," मेलेआना म्हणाली.

व्हरांड्याच्या फळ्यांवर पेटी उघडी पडली होती आणि आत युकुलेले होतं. कोआच्या लाकडाचं, लालसर तपकिरी, मोरिओ अंकलच्या हातचं. तिचा मावसभाऊ नाइनोआ मुसुबी, म्हणजे भाताचा मुटका, खात होता. त्याने घास तोंडात असतानाच वाकून पाहिलं. त्याच्या मते युकुलेले ते युकुलेले. चार तारा, चार खुंट्या, पोटावर गोल भोक. सुट्टीतल्या सोमवारी सकाळी सकाळी माणसाने शंका तरी किती घ्यायच्या?

मेलेआनाने ते उचलून छातीशी धरलं. डावा हात तारांवर, उजवा मानेवर. तिने एकदाच छेडलं, आणि असा काही आवाज निघाला की नाइनोआचा घास घशातच अडकला.

"तारा माझ्यापेक्षा उलट्या क्रमाने आहेत. मान बघ केवढी जाड आहे. दुसऱ्याच कुणाचं तरी माझ्या पेटीत आलंय," ती म्हणाली. मग अगदी हळू म्हणाली, "आणि माझं कुणाकडे तरी गेलंय."

हे दुःख समजायचं तर मेलेआनाच्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं, जरी ती स्वतः त्याबद्दल फारसं बोलत नसे. ती आठ वर्षांची असताना होडी वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या सांध्यात तिचा हात सापडला. मधली दोन बोटं अर्धी गेली. पिकअप मागे घेत होते क्लेटन अंकल, तिच्या आईचे चुलतभाऊ. त्यांनी मागे पाहिलंच नव्हतं. सगळे म्हणाले अपघात, आणि तो अपघातच होता. पण तेव्हापासून क्लेटन अंकल भेटले की तिला बर्फाचा गोळा खाऊ घालायचे आणि गोळा हातात देताना नजर मात्र समुद्राकडे लावायचे.

डाव्या हाताने तारा दाबणं आता जमणार नव्हतं. मग मोरिओ तेंगान या म्हाताऱ्या कारागिराने तिला एक दिवस आपल्या कारखान्यात बोलावलं. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. त्यांनी तिचा उजवा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची आकृती काढून घेतली आणि म्हणाले, "हा हात दाबेल, तो हात वाजवेल." तीस वर्षं सुकत ठेवलेली कोआची फळी त्यांनी खाली काढली. त्या एका हाताच्या मापाची मान घडवायला, उलट्या क्रमाने तारा बसवायला आणि पोटातल्या पट्ट्याही त्या हिशेबाने फिरवून लावायला त्यांना चौदा महिने लागले, कारण त्यांचे हात आता थरथरत होते. जानेवारीत युकुलेले तयार झालं. ते त्यांचं शेवटचं होतं.

येत्या रविवारी ते हिलो गाव सोडून मुलीकडे कौआई बेटावर कायमचे राहायला जाणार होते. आणि जानेवारीपासून मेलेआनाने त्यांना एकदाही वाजवून दाखवलं नव्हतं. आधी नीट येऊ दे, मग दाखवीन, असं म्हणता म्हणता जून उजाडला होता. शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊन वाजवायचं, हा बेत तिने, नाइनोआने आणि शेजारच्या मारिविकने मिळून केला होता.

मारिविक अग्बायानी बारा वर्षांची होती आणि तिला वहीत याद्या करायचं वेड होतं. बातमी ऐकताच ती वही घेऊनच आली.

"काल शेवटचं कधी पाहिलंस?"

काल समुद्रकिनाऱ्यावर धाकट्या मावसभावाचा पहिला वाढदिवस होता. आमच्याकडे बाळाचा पहिला वाढदिवस म्हणजे लग्नासारखाच थाट. दोनशे माणसं, खड्ड्यात भाजलेलं डुक्कर, आणि जेवणं उरकली की गाणं. या गाण्याचा एकच नियम असतो. कुणी हात पुढे केला की आपलं युकुलेले त्याच्या हातात द्यायचं. नाही म्हणायचं नाही. मेलेआनाने आपलं एका आजीला दिलं होतं. तारा उलट्या आहेत म्हणून आजी पोट धरून हसली आणि तिने ते पुढे सरकवलं. तेवढ्यात मेलेआनाला नारळाच्या वड्या वाटायला हाक आली. परत आली तेव्हा तिची पेटी टेबलाखाली बंद करून ठेवलेली होती. कुणीतरी आवरून ठेवलं, बरं झालं, असं तिला वाटलं आणि ती पेटी घेऊन घरी आली.

"म्हणजे उघडून पाहिलं नाहीस," मारिविक म्हणाली आणि तिने तसं वहीत लिहिलं. मेलेआनाला ते वाक्य वहीत बघून रडूच आलं. मारिविकने ते खोडलं, पण खोडलेलंही दिसत होतं.

आई इस्पितळात कामाला निघाली होती. तिने घाईघाईने पाच जणांना फोन लावले. पाचही जण "बघतो हं" म्हणाले. एका मावशीने तर सांगितलं की घरच्याच माणसांत आहे, कुठे जातंय, नाताळपर्यंत मिळेल. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. "बघतो" म्हटलं की त्यांचं बघून झालेलं असतं.

"आपणच शोधायचं," नाइनोआ म्हणाला. तो तेरा वर्षांचा होता आणि होडीत सगळ्यात पुढे बसून वल्हवायचा, त्यामुळे कुठेही पुढे बसण्याचा आपल्यालाच हक्क आहे असं त्याला वाटे.

मारिविकची यादी अकरा नावांची झाली. काल ज्यांच्या ज्यांच्या हातात युकुलेले होतं ते सगळे. सोमवार, मंगळवार, बुधवार तिघं सायकलींवरून हिलोभर फिरली. पेटीतलं अनोळखी युकुलेले मेलेआनाच्या पाठीला बांधलेलं असे. एका घरी त्यांना भात आणि मासे खाऊ घातले, पण युकुलेले त्यांचं नव्हतं. एका घरी आजोबांनी ते हातात घेतलं आणि तासभर परतच दिलं नाही, पण तेही त्यांचं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी अकरावं नाव खोडून झालं. प्रत्येकाचं युकुलेले ज्याच्या त्याच्या घरी होतं.

"मग हे बारावं आलं कुठून?" नाइनोआने विचारलं.

मारिविकने सुचवलं की सरळ मोरिओ अंकलनाच विचारावं. ते आपल्या युकुलेलेला कागदी लेबल लावत नसत, पण कोणतं कुणाचं ते त्यांना नक्की ठाऊक असणार. मेलेआनाने मानेनेच नाही म्हटलं. त्या तीन दिवसांत ती एकदाही त्यांच्या गल्लीतून गेली नव्हती. गेलं की ते शेडच्या दारातून हात हलवायचे. चौदा महिने खपून केलेली वस्तू आपण पाच महिन्यांत हरवली, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा लांबचा रस्ता बरा. रात्री अंथरुणावर ती उजव्या हाताची बोटं उशीवर दाबून गाणं आठवून बघायची. बोटांना आठवत होतं, म्हणून तर जास्तच वाईट वाटायचं.

गुरुवारी बाजारात होडी मंडळाचं टेबल मांडलेलं होतं. शनिवारी खाडीवर होड्यांच्या शर्यती, आणि दुपारी बाराला सोडत. मंडळाला नवी होडी घ्यायची होती. टेबलावर काचेची पेटी, पेटीला कुलूप, आत सोडतीचं बक्षीस उभं टांगलेलं. खाली पाटी: मोरिओ तेंगान यांच्या हातचं कोआचं युकुलेले, क्लेटन अंकलकडून भेट.

तिघं एकदम थांबली.

"सारखंच दिसतंय," नाइनोआ कुजबुजला, "पण तारा तर सरळ आहेत."

मेलेआना पेटीला एक फेरी घालून आली. मग पाठीवरचं युकुलेले काढून तिने ते काचेसमोर तसंच उभं धरलं.

"मानेची कड बघा," ती म्हणाली.

मानेच्या कडेला शिंपल्याचे बारीक पांढरे ठिपके असतात. वाजवणारा मान खाली घालून बघतो तेव्हा कोणती पट्टी कुठे ते त्याला त्यावरून कळतं, म्हणून ते नेहमी वाजवणाऱ्याच्या डोळ्यांकडच्या कडेला बसवतात. तिच्या हातातल्या युकुलेलेचे ठिपके डाव्या कडेला होते. काचेतल्याचे उजव्या कडेला. तशा तारांनी ते कुणी वाजवायला घेतलं असतं तर ठिपके जमिनीकडे गेले असते.

"जमिनीला कशाला दाखवायचे ठिपके?" मारिविक म्हणाली आणि तिचे डोळे मोठे झाले. "कुणीतरी तुझ्या तारा काढून उलटसुलट केल्यात."

टेबलामागे हॅरिएट आंटी बसल्या होत्या. सोडतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे, किल्ली त्यांच्या गळ्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण किल्लीला हात लावला नाही. अकराशे तिकिटं विकली गेली होती. क्लेटन म्हणाला माझं, तर ते त्याचं. नाहीतर त्याच्याकडून वदवून आणा, मग बघू.

क्लेटन अंकल होड्यांच्या शेडमध्ये एका होडीला पॉलिश करत होते. मोठा देह, मोठा आवाज, आणि तिघांना पाहून नेहमीसारखं मोठं हसू. नाइनोआने विचारलं की बक्षिसाचं युकुलेले त्यांचंच ना. त्यांचंच तर. त्यांच्या वडिलांनी मोरिओकडून करून घेतलेलं, त्यांच्या सोळाव्या वाढदिवसाला. कित्येक वर्षं कपाटातच पडून होतं. रविवारी किनाऱ्यावर नेलं होतं, म्हटलं देऊन टाकायच्या आधी एकदा वाजवू, पण डुक्कर कापण्यातून फुरसत कुठे मिळाली?

"सोमवारी काढलं तर काय," ते हसत म्हणाले, "कुणा पोरट्याने तारा उलट्या लावून ठेवलेल्या! मी नव्या आणून सरळ बसवल्या."

होडीवरचा फडका थांबला. आपण काय बोलून गेलो ते क्लेटन अंकलना तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि चेहरा मात्र उतरला.

"क्लेटन अंकल," मेलेआना म्हणाली, "माझ्या तारा उलट्या असतात."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते होडीकडे बघत म्हणाले की त्यांना त्यांचं युकुलेले ओळखता येतं, पोरांनी उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नये, तिचंही कुठेतरी सापडेल. फडका पुन्हा सुरू झाला, आधीपेक्षा जोरात.

बाहेर आल्यावर नाइनोआने वाळूत लाथ मारली. "खोटं बोलतायत!"

"घाबरलेत," मेलेआना म्हणाली. तिला स्वतःलाच नवल वाटलं, पण तिने ते पाहिलं होतं. आईला रात्री सांगितलं, तर दिवसभर उभं राहून पाय सुजलेली आई म्हणाली की क्लेटनशी शनिवारनंतर बोलू. शनिवारनंतर बोलून काय उपयोग होता? सोडत निघाली की ते अकराशेंपैकी कुणाचं तरी होणार, आणि मोरिओ अंकल विमानात बसणार.

म्हणून शुक्रवारी सकाळी मेलेआना त्या गल्लीत गेली. नाइनोआ आणि मारिविक दोन्ही बाजूंनी चालत होती, ती मागे वळली असती तर तिला धरायलाच.

शेड निम्मी रिकामी झाली होती. करवती, रंधे खोक्यांत गेले होते. मोरिओ अंकल बाकावर बसून चहा पीत होते, कप दोन्ही हातांनी धरून. मेलेआनाने एका दमात सगळं सांगितलं. मग ती वाट बघत उभी राहिली.

"गाडीत उन्हात ठेवलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. आजींनी मागितलं, म्हणून दिलं. मग ते पुढे पुढे गेलं."

"मग काय चुकलं? युकुलेले हातोहात फिरायलाच असतं. कपाटात ठेवायला मी कपाटं केली असती." ते चहाचा घोट घेऊन म्हणाले, "माझ्याकडे यायला पाच दिवस लागले, ते मात्र चुकलं."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

त्यांनी अनोळखी युकुलेले मांडीवर घेतलं, अंगठा पोटावरून फिरवला आणि नाव घ्यायला त्यांना एवढासाही वेळ लागला नाही. क्लेटनचं. मग त्यांनी मान वर केली. बाकाच्या वर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गळाची जाड दोरी टांगलेली होती आणि तिच्यात लाकडाच्या गोल चकत्या ओवलेल्या होत्या. मुलांनी त्या हजारदा पाहिल्या होत्या, शोभेच्या समजून.

त्या शोभेच्या नव्हत्या. युकुलेलेच्या पोटावर भोक पाडताना जी चकती निघते, ती मोरिओ अंकल टाकत नसत. मागे नाव लिहून दोरीत ओवत. लाकडावरच्या रेषा कुठल्या दोन झाडांच्या सारख्या नसतात, एका झाडाच्या दोन फळ्यांच्याही नसतात. चकती तिच्या भोकावर धरली की करवतीने खाल्लेला बारीक काठ सोडला तर रेषेला रेषा मिळते. दुसऱ्या भोकावर कधीच मिळत नाही. दोनशे अकरा चकत्या होत्या, चकतीपुढे गाठ आणि गाठीपुढे चकती.

"ही गाठ कधी मारतात?" मारिविकने विचारलं. वही तिच्या हातात होतीच.

"ज्याचं आहे त्याने ते माझ्यासमोर वाजवलं की. तोवर काम संपलं असं मी धरत नाही."

मेलेआनाने दोरीचं टोक पाहिलं. शेवटची चकती सैल लोंबत होती. तिच्यापुढे गाठ नव्हती.

मोरिओ अंकलनी ती ओढली, ती सहज निघून आली. क्लेटनची चकती दोन गाठींच्या मध्ये घट्ट होती. ती काढायला दोरी कापावी लागली, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. त्यांचा हात इतका थरथरत होता की सुरी नाइनोआने धरली. दोन्ही चकत्या त्यांनी मेलेआनाच्या ओंजळीत ठेवल्या.

"तुम्हीच हॅरिएट आंटींना फोन करा ना," नाइनोआ म्हणाला. "तुमचं ऐकतील त्या."

"ऐकतील. क्लेटनही ऐकेल, आणि मग जन्मभर हिच्यासमोर यायचं टाळेल. आत्ताच टाळतोय. मी कशाला सांगू? लाकूड सांगेल. त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे."

परतीच्या वाटेवर मारिविकचा बेत तयार होता. शनिवारी सोडतीच्या आधी क्लेटन अंकल माइकवर बोलणार. तेव्हाच व्यासपीठावर जायचं, दोन्ही चकत्या द्यायच्या आणि साळसूदपणे म्हणायचं की बक्षिसाबरोबर याची चकतीही द्यायला हवी ना, कोणती बसते तेवढं बघता का? सगळ्या खाडीसमोर ते स्वतःच नाव वाचतील. मग कसं नाही म्हणतील? नाइनोआला हा बेत इतका आवडला की त्याने तो तीनदा पुन्हा ऐकला.

शनिवारी खाडीवर तंबूंची रांग लागली होती. नाइनोआची होडी दुसरी आली, पण त्याने त्याबद्दल चक्क एकही बढाई मारली नाही. पावणेबाराला काचेची पेटी व्यासपीठामागच्या तंबूत आणली गेली. माइक खरखरला. क्लेटन अंकल शर्टाचं बटण लावत तंबूत आले आणि मेलेआनाने त्यांचा चेहरा पाहिला. दोन रात्री झोपलेला नसावा असा तो चेहरा होता.

ट्रेलरच्या दिवशी तो चेहरा असाच होता. तिला ते इतके दिवस आठवलंच नव्हतं.

"व्यासपीठावर नको," ती मारिविकला म्हणाली.

"अगं, इथे ते पुन्हा नाही म्हणतील! माइकवर म्हणता येणार नाही."

"म्हणू देत. पण सगळ्यांसमोर नको."

मारिविकने वही मिटली. नाइनोआने डोक्याला हात लावला. पाच दिवसांची मेहनत आणि शेवटी हिचा हा शहाणपणा! पण युकुलेले तिचं होतं, म्हणून दोघं बाजूला झाली.

मेलेआना हॅरिएट आंटींकडे गेली आणि फक्त एक मिनिट पेटी उघडायला सांगितलं. ही पोर गुरुवारपासून मागे लागली आहे, एक मिनिट देऊन टाकावं, असं आंटींना वाटलं असेल. कुलूप निघालं. मेलेआनाने दोन्ही चकत्या डाव्या हातात घेतल्या आणि हात क्लेटन अंकलपुढे केला. तो हात ती सहसा कुणापुढे करत नसे.

"मोरिओ अंकलनी दिल्यात. यातली एक बक्षिसाच्या युकुलेलेची आहे. कोणती ते तुम्हीच बघा."

क्लेटन अंकलना चकत्या घ्यायच्या तर त्या हाताकडे बघावं लागणार होतं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पाहिलं. अर्धी बोटं, तळहातावर दोन चकत्या. त्यांनी एक उचलली, तारांवरूनच भोकाच्या वर धरली आणि फिरवली. रेषा जुळेनात. पुन्हा फिरवली, तरी जुळेनात. चकतीच्या मागे त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं त्यांचंच नाव होतं, फिकट पेन्सिलीत.

मग त्यांनी दुसरी घेतली. अर्धी फिरवली आणि ते थांबले. लाकडातली लाट भोकाच्या एका काठापासून चकतीवरून दुसऱ्या काठापर्यंत अखंड गेली होती. हॅरिएट आंटींनी चष्मा वर केला. बाहेर माइकवर कुणीतरी क्लेटन अंकलचं नाव पुकारत होतं.

त्यांनी चकती उलटी केली. वाचायला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी वाचलं.

"मेलेआना काहानू. डाव्या हाताने वाजवणार."

ते खाली खुर्चीवर बसले. एवढा मोठा माणूस रडतो तेव्हा कुठे बघावं ते नाइनोआला कळेना, म्हणून तो पेटीच्या कुलपाकडे बघत राहिला.

"गुरुवारीच कळलं होतं मला," क्लेटन अंकल म्हणाले. "पण पुन्हा तुझंच, पुन्हा माझ्याच हातून... कसं सांगणार होतो मी?"

"आत्ता सांगितलंत ना," मेलेआना म्हणाली.

मग ते उठले, तोंड पुसलं आणि माइकवर गेले. त्यांनी सगळं सांगितलं. आपण न बघता पेटीत काय घातलं, न विचारता तारा कशा बदलल्या, आणि कळल्यावरही गप्प कसे बसलो. सोडतीचं बक्षीस मोरिओंच्याच हातचं असेल, पण हे नाही, असं म्हणून त्यांनी मेलेआनाच्या पाठीवरचं युकुलेले मागून घेतलं. त्यावरून एकदा हात फिरवला आणि ते पेटीत टांगलं. वडिलांनी दिलेलं होतं, पण शब्द दिलेला होता. ते पलीकडच्या मंडळातल्या एका सुकाणू धरणाऱ्या बाईंना लागलं. क्लेटन अंकलकडे फक्त चकती राहिली. ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

हॅरिएट आंटींनी तिघांना तीन बर्फाचे गोळे दिले आणि म्हणाल्या की मंडळाच्या मोठ्या माणसांत एवढी बुद्धी असती तर नवी होडी केव्हाच आली असती. मारिविकने हे वाक्य तारखेसह लिहून घेतलं. आई शर्यत बघायला उशिराच पोचली होती. तिने मेलेआनाला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मी 'नंतर बोलू' म्हणायला नको होतं." मोठ्या माणसाने असं म्हणणं म्हणजे मोठीच गोष्ट, पण मेलेआनाचं लक्ष घड्याळाकडे होतं.

तीन वाजता ती शेडमध्ये होती. तारा पुन्हा बदलायच्या होत्या. मोरिओ अंकलच्या बोटांना आता तार घोडीत ओवता येत नव्हती. ते बाकावरून एकेक सांगत गेले आणि ती करत गेली. ही आधी, इकडून, गाठ अशी, आता खुंटी पिळ, हळू. अर्धा तास लागला. दारात क्लेटन अंकल उभे होते, आत यावं की नाही ते न ठरवता. "उजेड अडवू नकोस," मोरिओ अंकल म्हणाले, तेव्हा ते आत आले आणि खोक्यावर बसले.

मेलेआनाने वाजवायला सुरुवात केली. नव्या तारा सारख्या सुरातून उतरत होत्या. दुसऱ्या कडव्याला ती चुकली, थांबली, पुन्हा तिथूनच निघाली. पाच महिने ज्या चुकीच्या भीतीने ती आली नव्हती, ती चूक तिने केली आणि काहीही झालं नाही. मोरिओ अंकल डोळे मिटून ऐकत होते. तिची अर्धी बोटं तारांना जेमतेम लागत होती आणि त्यातून एक मऊ आवाज निघत होता, जो पूर्ण बोटांनी निघाला नसता.

गाणं संपलं. मोरिओ अंकलनी शाबासकी दिली नाही. त्यांनी हात पुढे केला आणि चकती मागितली. ती दोरीत ओवली आणि दोरीचं टोक चिमटीत धरून गाठ मारायला घेतली.

टोक निसटलं. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं. क्लेटन अंकल खोक्यावरून अर्धवट उठले, मेलेआनाने त्यांच्याकडे पाहिलं, तसे ते पुन्हा बसले. मग कुणीच हललं नाही. दोनशे अकरावी गाठ होती, त्यांची ती त्यांनाच मारायची होती. वेळ लागला तर लागू दे.

बऱ्याच वेळाने गाठ बसली. त्यांनी ती ओढून पाहिली.

"झालं," मोरिओ अंकल म्हणाले. "आता पुन्हा वाजव. या वेळी मी काम तपासायला कान लावून बसणार नाही, नुसता ऐकेन."